'दिवाली' रिडिम: टाळीवर उभा असलेला अल्बम सोलापूरच्या बॉक्सवर कसा वाजतो

डान्सहॉल या जमैकाच्या नाचाच्या संगीताचा एकच अल्बम घ्यायचा आणि तोही सोलापुरात, उघड्या मैदानावर, आपल्याच बॉक्सवर, म्हणजे स्पीकरवर, वाजवायचा असेल, तर लंडनच्या ग्रीनस्लीव्हज कंपनीने २००२ साली काढलेला 'ऱ्हिदम अल्बम' मालिकेतला सत्ताविसावा घ्या. नाव 'दिवाली'. नाव बघून आत सनई आणि लवंगी माळ शोधणाऱ्यांची निराशा होईल, कारण त्यातलं काहीच तिथे नाही. आहे ती टाळी. अख्खा ठेका तिच्यावर उभा आहे. बेसच्या धक्क्यावर चालणारी गाणी आवाज कमी केला की मरतात, हा ठेका मरत नाही. पोलीस डेसिबल मीटर घेऊन उभे असतात अशा दिवसांत हा गुण फार मोठा.

रचना ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे एका चालीवर दहा अभंग बसवतात, चाल तीच आणि शब्द वेगळे. जमैकात उलटं चालतं. निर्माता आधी ठेका, बेस आणि दोन-चार सुरांचे तुकडे मिळून एक तयार सांगाडा करतो. त्याला रिडिम म्हणतात. मग वेगवेगळे गायक त्याच सांगाड्यावर आपली चाल आणि आपले शब्द घेऊन येतात. अल्बम सुरू केला की पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाद्यं तीच, माणसं बदलत जातात. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात डफ-तुणतुणं तेच राहतं आणि शाहीर बदलतो, तशीच ही चुरस. रुपी एडवर्ड्सने १९७४ मध्ये 'यामाहा स्कँक' नावाची तबकडी काढली. एकाच रिडिमवरचा पहिला अल्बम म्हणून तिचं नाव घेतात. पुढे १९८५ मध्ये किंग जॅमीने कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डातल्या तयार 'रॉक' ठेक्यावर 'स्लेंग टेंग' उभा केला आणि ताफ्याऐवजी यंत्रावर रिडिम करायची वाट खुली झाली. तो ठेका कॅसिओसाठी बनवणारी हिरोको ओकुदा नावाची जपानी तरुणी होती, ही गोष्ट आपल्या कीबोर्डवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'दिवाली'चा सांगाडा स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकीचा. वेग मिनिटाला साधारण १०० ठोके. याच रिडिमवरचं शॉन पॉलचं 'गेट बिझी' मे २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. न्यूयॉर्कच्या ल्युमिडीने हाच ठेका उचलून केलेलं 'नेव्हर लीव्ह यू' तिसऱ्यावर पोचलं. एकच वाद्यमेळ तीन वेगळ्या गळ्यांनी एकाच वर्षात इतका वर नेल्याची उदाहरणं फार नाहीत. ल्युमिडीचं गाणं मूळ संचाबाहेरचं आहे, हे मात्र घेण्याआधी ध्यानात असू द्या. कोणत्या आवृत्तीत कोणती गाणी आहेत ते यादी वाचूनच ठरवा, मुखपृष्ठावरच्या नावावर जाऊ नका.

आता ठेका जवळून बघू. टेबलावर बोटांनी वाजवून बघण्यासारखा आहे. केहरव्याच्या आठ मात्रा आपण चार-चार अशा मोडतो. डान्सहॉलच्या सांगाड्यात त्याच आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा मोडतात: पहिल्या मात्रेवर ठोका, मग चौथ्या, मग सातव्या, आणि पुन्हा पहिली. पायाने सरळ चार-चार मोजत राहा, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पाऊल, आणि हाताने तीन-तीन-दोन वाजवा. हात आणि पाय फक्त पहिल्या मात्रेवर भेटतात, बाकी वेळ एकमेकांना हुलकावणी देतात. नाचणाऱ्याची कंबर हलते ती या हुलकावणीमुळे. लेंकीने त्यावर टाळ्यांचा थर घातला. या टाळ्या सरळ ठोक्यावर न पडता अधल्यामधल्या जागा भरतात. मागे तंतुवाद्यांसारखा सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) सूर जवळजवळ एका जागी धरून ठेवलेला आहे, तंबोऱ्याच्या वळणाचा. सुरांची उलथापालथ नाही, त्यामुळे गायकाला चाल बांधायला रान मोकळं मिळतं.

आणि अल्बमची खरी परीक्षा तिथेच होते. ठेका तोच असताना कोण कुठली जागा शोधतो ते ऐकायचं.

शॉन पॉल टाळ्यांच्या मधल्या फटीत तुटक अक्षरं ठेवतो. चाल म्हणावी तर दोन-तीन सुरांची, पण अक्षराचं वजन असं की गळाच तालवाद्य होतो. वेन वंडर बरोबर उलटा. तो लांब सूर ओढतो, टाळ्या त्याच्या खालून वाहत जातात, आणि तोच ठेका अर्ध्या वेगाचा वाटू लागतो. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, वेग मोजल्याशिवाय ती एकाच रिडिमवरची आहेत हे घरच्यांना पटणार नाही. बाऊंटी किलरच्या 'सफरर'मध्ये गरिबीचं रडगाणं नाही, खर्जातली धमकी आहे. इतक्या नाचऱ्या ठेक्यावर इतका जड मजकूर पेलतो ही या रिडिमची ताकद. टीओकेचं 'गलँग गॅल' चौघांचं आहे, आवाजांचे थर एकमेकांवर रचलेले. एलिफंट मॅनचं 'एलिफंट मेसेज' मुख्यतः आरडाओरडा, पण मिरवणुकीत नेमका तोच चालतो. डॅनी इंग्लिश आणि एग नॉगचं 'पार्टी टाइम' साधं, हलकं, कार्यक्रम सुरू करायला बरं. उरलेल्यांत काही गाणी नुसती जागा भरायला आहेत, हेही सांगायला हवं. सलग घरी बसून ऐकायचा हा अल्बम नाही. पाचव्या-सहाव्या गाण्यानंतर कान कंटाळतात. हे वाजवणाऱ्याचं हत्यार आहे, ऐकणाऱ्याचं पुस्तक नव्हे.

आता बॉक्सवर. सोलापुरात बहुतेक ठिकाणी ड्युअल अठराचे (अठरा इंची दोन स्पीकरचे) बेस, वर बारीक आवाजाचे टॉप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेले, आणि सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याला एकच आवाज. या मांडणीत हा अल्बम तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण टॉपच्या हॉर्नची. टाळीचा आवाज मुख्यतः एक ते चार किलोहर्ट्झमध्ये असतो आणि हॉर्नमागचे कम्प्रेशन ड्रायव्हर नेमके तिथेच बोचतात. नवी पेठेसारख्या अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या शटरवरून टाळी परत येते आणि एका टाळीच्या दोन ऐकू येतात. तीन किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा, हॉर्न समोरच्या भिंतीकडे न रोखता रस्त्याच्या लांबीकडे वळवा. मैदानावर हा कट काढून टाकला तरी चालतो.

दुसरी अडचण तळाच्या बेसची. या ठेक्यात बेस सतत गडगडत नाही, तो ठिपक्या-ठिपक्याने येतो. आपल्याकडे सवय अशी की बेस ऐकू आला नाही की अ‍ॅम्पचा नॉब वर. मग ठिपका आला की लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र) दाबतो, आणि दाबताना टाळीलाही सोबत दाबतो. ठेका श्वास घेतल्यासारखा वर-खाली होऊ लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉपची वाटणी, ९० ते १०० हर्ट्झवर ठेवा, ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका आणि बेसचा लिमिटर टॉपपासून वेगळा ठेवा. एकच लिमिटर सगळ्यावर लावला असेल तर या अल्बमचा जीव गेलाच म्हणून समजा. एक फायदा असा की बेस तुटक असल्याने अ‍ॅम्पला विश्रांती मिळते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत, पारा चाळिशीच्या पुढे असताना, सलग बेसच्या रीमिक्सवर अ‍ॅम्प तापून थर्मलला जाऊन बंद पडतात. इथे ती भीती कमी.

तिसरी अडचण मोनोची. मागचा सिंथचा सूर डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेला असला तर मोनोत तो अंग चोरतो. कामाच्या आधी मिक्सरवर मोनोचं बटण दाबून हेडफोनवर एकदा ऐका. सूर फारच पातळ झाला तर दोन्ही बाजू एकत्र करण्यापेक्षा फक्त डावा चॅनल दोन्ही बॉक्सला द्या.

फाइलच्या बाबतीत कंजुषी नको. टाळी हा एकदम उठणारा आवाज आहे, आणि कमी दराच्या एमपीथ्रीची पहिली चोरी अशाच आवाजात उघडी पडते. टाळी पडण्याच्या क्षणभर आधी एक पुसट फुसकारा ऐकू येतो, कागद फरफटत नेल्यासारखा. १२८ केबीपीएसच्या फाइलवर हेडफोन लावून ऐका, स्पष्ट कळेल. मोबाइलवर तो खपून जातो, चार टॉपवर खपत नाही. सीडीवरून थेट वेव्ह किंवा फ्लॅक करून घ्या, किमान ३२० केबीपीएस. व्हिडिओवरून ओढलेली फाइल पुन्हा एमपीथ्री केली की दोनदा खराब होते, ती पेन ड्राइव्हमध्ये ठेवूच नका.

वाजवायची पद्धत वेगळी आहे आणि ती चुकली तर हा अल्बम सगळ्यात कंटाळवाणा ठरतो. पूर्ण गाणं वाजवायचं नाही. एका डेकवर बिनगाण्याची वाद्यांची फाइल लावा आणि आठ बारचा लूप धरा, म्हणजे तेवढाच तुकडा फिरत ठेवा; एक बार म्हणजे चार ठोके. १०० च्या वेगाला आठ बार म्हणजे १९ सेकंदांहून थोडं जास्त. दुसऱ्या डेकवर पहिला गायक, सोळा बार म्हणजे ३८ सेकंद. तेवढ्यात त्याचं कडवं आणि धृपद येऊन जातं. मग तो काढा, पुढचा घ्या. लोकांना ठेका थांबल्याचं कळत नाही, फक्त माणूस बदलल्याचं कळतं. एखाद्या गायकाला गर्दीने उचलून धरलं की गाणं झटक्यात मागे ओढून पहिल्यापासून लावायचं, ही जमैकन साउंड सिस्टिमची जुनी चाल. दर गाण्याला केली तर लोक वैतागतात.

इथे एक तांत्रिक खोच आहे. दोन्ही डेकवर वाद्यं तीच आहेत. दोन्ही पूर्ण उघडी ठेवली आणि अगदी तंतोतंत जुळली तर आवाज सहा डेसिबलने उसळतो, लिमिटर बोंबलतो. आणि एक मिलिसेकंद जरी मागेपुढे झालं तर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, त्याच्या वर दर एक किलोहर्ट्झला आणखी खड्डे. ऐकायला विमान डोक्यावरून गेल्यासारखं लागतं. वेगवेगळी गाणी मिसळताना ही भानगड येत नाही, म्हणून चांगले हात असलेले मुलगेही इथे पहिल्यांदा गोंधळतात. उपाय सोपा: मिसळायचं नाही, कापायचं. क्रॉसफेडरची (एका डेकवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या पट्टीची) धार तीव्र ठेवा, पहिल्या मात्रेवर एका डेकवरून दुसऱ्यावर उडी. फार तर एका डेकचा बेस आणि मधला भाग पूर्ण उतरवून चार मात्रांपुरतं दोन्ही चालू ठेवा.

वेगाचं गणितही बघून ठेवा. डेकचा पिच, म्हणजे वेग बदलायची पट्टी, साधारण अधिक-उणे आठ टक्क्यांवर असतो, म्हणजे १०० चं गाणं ९२ ते १०८ च्या दरम्यान फिरवता येतं. त्याआधी १२५ चं मराठी रीमिक्स चालू असेल तर जुळवायला पंचवीस टक्के ताणावं लागेल, गायकाचा आवाज खारीसारखा चिरका होईल. तसं करू नका. रीमिक्स थांबवा, एक पूर्ण बार शांतता ठेवा आणि टाळी एकटी सोडा. सोलापूरची गर्दी टाळीला टाळी देते, तिला सांगावं लागत नाही. लेझीम पथकाबरोबर वाजवायचं असेल तर हलगीवाल्याशी आधी बोला. हलगीच्या काडीचा आवाज आणि ही टाळी एकाच पट्ट्यात बसतात, दोघांनी एकाच वेळी जोर केला तर दोन्ही चिखल होतात. हलगी जोरात असेल तेव्हा ट्रॅकचा मधला भाग उतरवा, हलगी विसावली की वर आणा. लेझमीची चार पावलं सरळ चालतात आणि ठेका तीन-तीन-दोन, त्यामुळे नवशिक्यांचं पथक सुरुवातीला भांबावतं. पथकप्रमुखाने शिट्टी पायाच्या मोजणीवर ठेवावी, टाळीवर नाही.

अल्बमची मोठी उणीव म्हणजे त्यातला भर सगळा जमैकन गळ्यांवर आहे. २००२ साली ते चालून गेलं. आज आफ्रिकेतल्या आक्रा, लागोस, हरारे, कंपालातले गायक बाजूला ठेवून डान्सहॉलचा अंदाज बांधणं म्हणजे अर्धाच बाजार फिरून येणं. १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात बॉब मार्ली हरारेच्या रुफारो स्टेडियममध्ये गायला. ते स्टेडियम म्बारे या कष्टकरी वस्तीत आहे. झिंबाब्वेचं डान्सहॉल, म्हणजे झिमडान्सहॉल म्हणून जे पुढे फोफावलं त्याची मोठी पेठ तीच वस्ती. तिथे शोना भाषेत, एकाच रिडिमवर पोरांची रांग लागते, अगदी किंग्स्टनच्या रीतीने. विंकी डी हे तिथलं मोठं नाव. घानाचा स्टोनबॉय एवे, ट्वी, इंग्रजी आणि पाट्वा ही जमैकाची बोली अशा चार तोंडांनी गातो. २०१५ मध्ये त्याला आफ्रिकेतल्या कलाकारांसाठीचा, अमेरिकेच्या बीईटी वाहिनीचा पुरस्कार मिळाला. त्याचा प्रतिस्पर्धी शाटा वाले. नायजेरियाचा पॅटोरँकिंग लागोसच्या एबुटे मेट्टा भागातून वर आला. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकराला एका कडव्यात तीन भाषा हे काही नवल वाटायला नको.

हे गायक आणि कॅरिबियन गायक एकाच रिडिमवर बसतात कसे, याचं उत्तर पुन्हा मात्रांत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या गाण्यांत जी काडी वाजत असते ती सोळा मात्रांच्या आवर्तनात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडते. डान्सहॉलचा तीन-तीन-दोन सोळा मात्रांत दोनदा लिहिला तर ठोके येतात पहिल्या, चौथ्या, सातव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर. कागदावर दोन ओळी एकाखाली एक लिहा. पहिल्या आठ मात्रा दोन्हीकडे तंतोतंत सारख्या. फरक सगळा उरलेल्या आठांत. म्हणजे आवर्तनाचा पूर्वार्ध दोघांचा सामाईक, उत्तरार्धात प्रत्येकजण आपल्या घरी. शहाणा निर्माता पूर्वार्ध जमैकन किकवर (जड ढोलाच्या ठोक्यावर) ठेवतो आणि उत्तरार्धात आफ्रिकन काडीला जागा करून देतो. मठ्ठ निर्माता दोन्ही थर पूर्ण आवर्तनभर एकमेकांवर ओततो. मग नवव्या ते सोळाव्या मात्रेपर्यंत आठांतल्या पाच जागा भरून जातात, गायकाला श्वास घ्यायला फट उरत नाही. आफ्रिका-कॅरिबियन संकलन घेण्याआधी बिनगाण्याची फाइल लावून फक्त ही उत्तरार्धाची जागा ऐका. तिथे हवा असेल तर गायक वाईट निघाले तरी अल्बम वाजवता येतो.

अशा संकलनांचं काम एका स्टुडिओत होत नाही, हे खरेदीदाराने समजून घ्यावं. किंग्स्टन किंवा लंडनमधून ठेक्याची फाइल जाते, गायक आपापल्या गावी गाऊन आवाजाची फाइल परत पाठवतात, निर्माता जोडतो. यात ज्या चुका होतात त्या ऐकून ओळखता येतात. ४४.१ किलोहर्ट्झला केलेलं गायन ४८ च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता टाकलं तर ते जवळपास नऊ टक्के वेगाने पळतं आणि दीड सेमीटोन चढतं, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये लटकतो. इतकी ढोबळ चूक बहुधा पकडली जाते. न पकडली जाणारी चूक एमपीथ्रीची आहे. गायकाला सरावासाठी पाठवलेला ठेका एमपीथ्रीत असला तर त्याच्या सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांची रिकामी जागा चिकटलेली असू शकते. गायक त्यावर बरोबर गातो, पण त्याचा आवाज मूळ ठेक्यावर ठेवला की तेवढा मागे पडतो. १०० च्या वेगाला सोळा मात्रांतल्या एका मात्रेची लांबी १५० मिलिसेकंद, तिचा सहावा हिस्सा म्हणजे ही ढिलाई. ऐकणारा म्हणतो, गायक जरा आळसावून गातोय. गायकाचा काही दोष नसतो. एखाद्या संकलनात एकच गायक सगळीकडे मागे ओढल्यासारखा वाटत असेल तर संशय या जागी घ्या. स्वतःच्या कामासाठी वापरायचं असेल आणि आवाजाची वेगळी फाइल मिळाली असेल तर ती २५ मिलिसेकंद आधी आणून बघा, फरक लगेच कळेल.

आवाजाची पातळीही जागोजागी वेगळी. एकाने बाथरूमसारख्या खोलीत गायलेलं, दुसऱ्याने गाद्या लावलेल्या खोलीत. मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात फिरवणाऱ्याने सगळ्यांना वर ओढून सपाट केलेलं असतं, पण खोलीचा आवाज जात नाही. 'दिवाली'त ही अडचण जवळपास नाही, आवाज एका हाताने बसवल्यासारखे लागतात. नव्या संकलनांशी तुलना करताना मापदंड म्हणून हाच अल्बम शेजारी ठेवा.

नव्या संकलनांची आणखी एक खोड: मुखपृष्ठावर दोन खंडांचे झेंडे, आत मात्र पहिली दहा गाणी एका देशाची आणि पुढची दहा दुसऱ्याची. एकाच गाण्यात दोघे समोरासमोर क्वचित. २०१९ मध्ये नायजेरियाचा डेव्हिडो आणि जमैकाचा पॉपकान 'रिस्की'मध्ये एकत्र आले, तिथे दोघांच्या तालाच्या सवयी एकमेकांना कशा वाट देतात ते ऐकायला मिळतं. ते रिडिम अल्बमातलं नाही, पण संकलनाकडून काय मागायचं हे त्यावरून कळतं. वीसपेक्षा जास्त गाणी असलेलं संकलन दिसलं तर आम्ही आधी हात मागे घेतो. एवढ्या गर्दीत शेवटची सात-आठ ओळखीपाळखीने आत आलेली असतात.

मजकुराबद्दल सावध. पाट्वा पटकन समजत नाही म्हणून गणपतीच्या मांडवात काहीही लावू नका. डान्सहॉलमध्ये शारीरिक उल्लेख उघड असतात, काहींत समलिंगी लोकांबद्दल विखारही. रेडिओसाठीची साफ आवृत्ती असेल तीच घ्या, आणि नसेल तर मांडवात बिनगाण्याची फाइल वापरा. 'नो लेटिंग गो' आणि 'पार्टी टाइम' लग्नाच्या लॉनवर बिनधास्त चालतात.

आवाजाचे नियम सगळ्यांना तोंडपाठ हवेत, तरी लिहून ठेवतो: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र दहाला सुरू होते. ड्युअल अठराच्या भिंतीसाठी हे आकडे म्हणजे कुजबुज. त्यात बेसची गाणी बसवायला गेलात तर नुसता गुळगुळीत घों-घों उरतो. 'दिवाली'च्या बाबतीत बेसचे बॉक्स निम्मे बंद करा, दोन टॉप खांद्याच्या उंचीवर ठेवा आणि टाळीला काम करू द्या. मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ठेका कळतो, कारण कान या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. हॉटेल आणि लॉनवर वाजवणाऱ्यांनी परवान्याचं आयोजकाशी आधीच ठरवून घ्यावं. लग्नाच्या वरातीला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, वाढदिवसाच्या पार्टीला ती धरून चालू नका.

घेताना आवृत्ती निवडायची झाली तर सीडी पहिली, मग फ्लॅक. लाँगप्ले तबकडी मिळाली तर ती संग्रहासाठी ठेवा. ट्रॉलीवर सुई टिकत नाही, आणि अक्कलकोट रोडच्या खड्ड्यांत तर मुळीच नाही. बिनगाण्याची फाइल हातात नसेल तर अल्बम घेऊन अर्धा उपयोग, ती आधी मिळवा. मिळालीच नाही तर एखाद्या गाण्याच्या सुरुवातीचे गळा नसलेले चार बार कापा, लूप करा आणि जोडाच्या जागी पाच मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर दर साडेनऊ सेकंदांनी टॉपमधून टिचकी ऐकू येईल.